टाचणापासून स्टोरीबोर्डपर्यंत: शिक्षकाने अध्ययन-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात कसे यावे

अकरा वर्षे आठवी ते दहावीला गणित शिकवून मी पुण्यातील एका ई-लर्निंग कंपनीत रुजू झाले, तेव्हा माझा पहिला स्टोरीबोर्ड, म्हणजे पडद्यावरच्या पाठाचा लेखी आराखडा, त्रेसष्ट शेऱ्यांसह परत आला. त्यांतील एकही शेरा विषयातील चुकीबद्दल नव्हता. पहिल्या पडद्यापुढे लिहिले होते, ‘येथे शिकणाऱ्याने काय करायचे आहे?’, आणि त्यापुढच्या बऱ्याच पडद्यांसमोर नुसतेच ‘वरीलप्रमाणे’. मी वर्गात बोलते तसे लिहिले होते. वर्गात मात्र माझ्या बोलण्यासमोर मुलांचे चेहरे असत. कोणाच्या कपाळाला आठी पडली की मी उदाहरण बदलत असे, मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली की प्रश्न टाकत असे, आणि हे सारे इतके अंगवळणी पडले होते की आपण ते करतो याचीच मला जाणीव नव्हती. पडद्यावरच्या पाठासमोर चेहरे नसतात. तेथे कोण, कोणत्या शब्दापाशी आणि कशामुळे अडेल हे आधीच ओळखून त्याची सोय कागदावर करून ठेवावी लागते.

शिक्षकाची या क्षेत्रातील खरी पुंजी हीच आहे. विषय जाणणारे लोक कंपन्यांना पुष्कळ मिळतात, सॉफ्टवेअर चालवणारे त्याहून अधिक मिळतात. पण विद्यार्थी नेमका कोठे ठेचकाळतो हे शेकडो वह्या तपासून ज्याला कळले आहे असा माणूस सहज मिळत नाही. म्हणून पुढील पायऱ्यांचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे की आधी हे ज्ञान कागदावर यावे आणि सॉफ्टवेअर त्यानंतर यावे. बहुतेक शिक्षक नेमके उलटे करतात, महागडा अभ्यासक्रम विकत घेतात, आणि सहा महिन्यांनी त्यांच्याकडे प्रमाणपत्र असते, दाखवण्याजोगे काम नसते.

पहिली पायरी: कोणते काम हवे ते ठरवणे

‘अध्ययन-तंत्रज्ञान’ या एका नावाखाली निरनिराळी कामे येतात. इन्स्ट्रक्शनल डिझायनर, ज्याला कार्यालयात सगळे ‘आयडी’ म्हणतात, तो पाठाची रचना करतो आणि स्टोरीबोर्ड लिहितो. ऑथरिंग टूल वापरून तो पाठ प्रत्यक्ष बांधणारा डेव्हलपर वेगळा असतो. एलएमएस, म्हणजे पाठ शिकणाऱ्यांपर्यंत पोहोचवून त्यांच्या प्रगतीची नोंद ठेवणारी संगणक-प्रणाली, सांभाळणारा प्रशासक वापरकर्त्यांची खाती, नोंदणी, अहवाल आणि रात्री साडेनऊला येणारा ‘माझे लॉगिन होत नाही’ हा फोन, हे सारे पाहतो. शालेय उत्पादने विकणाऱ्या कंपन्यांत शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना ते उत्पादन वापरायला शिकवणाऱ्या माणसाची गरज असते, आणि हे काम शिक्षकाला सर्वांत लवकर मिळते. याखेरीज आशय तपासणारे संपादक, भाषांतरकार, गुणवत्ता-चाचणी करणारे आणि प्रकल्प-समन्वयक असतातच.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पुण्या-मुंबईतील ई-लर्निंग कंपन्यांचे फार मोठे काम शाळेसाठी नसतेच, ते नोकरी करणाऱ्या प्रौढांच्या प्रशिक्षणाचे असते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याची ओळख, गोदामातील सुरक्षितता, विमा विकणाऱ्यांसाठी नव्या योजनेची माहिती, एखाद्या यंत्राची देखभाल, असे विषय तेथे येतात. ज्यांना केवळ मुलांसाठीच काम करायचे आहे त्यांनी शालेय आशय बनवणाऱ्या कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था पाहाव्यात, पण तेथील जागा कमी असतात आणि पैशाचा ओघ अनिश्चित असतो. २०२० आणि २०२१ मध्ये, शाळा बंद असताना, शालेय एड-टेक कंपन्यांनी भराभर माणसे घेतली आणि २०२२ पासून तितक्याच भराभर कमी केली. आज विनाअनुदानित तुकडीवर किंवा तासिका तत्त्वावर असलेल्या शिक्षकाचा निर्णय आणि कायम, अनुदानित पदावरच्या शिक्षकाचा निर्णय म्हणूनच एक असू शकत नाही. दुसऱ्याने अधिक पुरावा गोळा करून, अधिक सावकाश निघावे.

दुसरी पायरी: जे करत आहात त्याला नव्या भाषेत नाव देणे

डी.एड. किंवा बी.एड. झालेल्या माणसाला या क्षेत्रातील परिभाषा वाटते तेवढी परकी नाही. ज्याला आपण अध्ययन निष्पत्ती म्हणतो तेच येथे लर्निंग आउटकम आहे. सराव पाठाच्या टाचणात उद्दिष्टांपुढे आपण जी स्पष्टीकरणे लिहीत होतो, ‘विद्यार्थी दोन अपूर्णांकांतील फरक सांगतो’ अशी, ती बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणातूनच आलेली आहेत, आणि त्याची २००१ मधील सुधारित आवृत्ती आयडी मंडळी रोज वापरतात. घटक चाचणीचा संविधान तक्ता म्हणजे असेसमेंट ब्लूप्रिंट. आकारिक आणि संकलित मूल्यमापनाला तर नावापलीकडे काहीच बदलावे लागत नाही.

यासाठी एक वही करावी आणि महिनाभर, रोज शाळेतून आल्यावर, त्या दिवशीच्या एकाच तासाबद्दल तीन गोष्टी लिहाव्यात: मुले कोठे अडली, त्यांनी नेमकी कोणती चूक केली, आणि मी काय केल्यावर अडचण सुटली. चूक त्यांच्याच शब्दांत लिहावी. ‘संकल्पना स्पष्ट नाही’ असे लिहिलेले कशाच्याही उपयोगाचे नसते. ‘उणे तीन हे उणे दोनपेक्षा मोठे, कारण तीन मोठा’ हे लिहिलेले असते. ही वही पुढे तुमच्या मुलाखतीतही कामाला येईल.

नवे म्हणून जे खरोखर वाचायला हवे ते थोडे आहे. अमेरिकेच्या लष्करासाठी फ्लोरिडा राज्य विद्यापीठात १९७५ मध्ये तयार झालेल्या कार्यपद्धतीतून पुढे आलेला ‘ॲडी’ आराखडा, म्हणजे विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन हे पाच टप्पे. रॉबर्ट गान्ये यांनी सांगितलेल्या अध्यापनाच्या नऊ घटना, ज्यांत लक्ष वेधणे आणि पूर्वज्ञान जागे करणे हे आपल्या टाचणातील प्रस्तावनेसारखेच आहे. प्रशिक्षणाचे फलित मोजण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या. आणि रिचर्ड मेयर यांची बहुमाध्यमी अध्ययनाची तत्त्वे. यांपैकी मेयर यांना अधिक वेळ द्यावा. पडद्यावर चित्र हलत असताना निवेदनातील तीच वाक्ये अक्षरशः पडद्यावरही लिहिली तर शिकणे सोपे होण्याऐवजी अवघड होते, हे त्यांनी प्रयोगांतून दाखवले आहे, आणि फळ्यावर लिहीत लिहीत तेच मोठ्याने वाचण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना ते पटायला वेळ लागतो.

तिसरी पायरी: एक स्टोरीबोर्ड, हाताने

येथे घाई करू नये, कारण साऱ्या वाटचालीत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. स्टोरीबोर्ड म्हणजे पाठाचा पडद्यागणिक लिहिलेला आराखडा. वर्डमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक पडद्यासाठी एक तक्ता केला तरी चालते, आणि त्यात निदान सहा गोष्टी असाव्या लागतात: पडद्याचा क्रमांक आणि उद्देश, पडद्यावर दिसणारा मजकूर, निवेदन, चित्र व हालचाल यांबद्दल चित्रकाराला सूचना, शिकणाऱ्याने करायची कृती, आणि त्या कृतीच्या प्रत्येक शक्य परिणामावर मिळणारा प्रतिसाद. शेवटच्या दोन रकान्यांपासून लिहायला सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. निवेदनापासून सुरुवात केली की व्याख्यान तयार होते. मीही तेच केले होते.

उदाहरणार्थ, भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज हा घटक घेऊ. प्रश्न असा आहे: १/२ आणि १/३ यांची बेरीज किती? बरोबर उत्तर ५/६. आता उरलेले तीन पर्याय कोठून आणायचे? प्रश्नपत्रिका काढताना आपण पुष्कळदा जवळपासचे कोणतेही आकडे टाकतो. येथे तसे चालत नाही, कारण प्रत्येक चुकीचा पर्याय हा एका विशिष्ट चुकीच्या विचाराचा सापळा असावा लागतो. वह्या तपासलेल्या माणसाला ते पर्याय शोधावे लागत नाहीत, आठवावे लागतात. पहिला २/५, कारण मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. दुसरा २/६, कारण त्याला समान छेद हवा हे कळले, सहा काढताही आला, पण अंश बदलायचे राहिले. तिसरा १/६, कारण त्याने बेरजेऐवजी गुणाकार केला.

आता प्रतिसाद. ‘चूक. पुन्हा प्रयत्न करा.’ हा प्रतिसाद लिहिणे म्हणजे वहीवर लाल फुली मारून वही परत देणे. २/५ निवडणाऱ्याला असे विचारता येईल: ‘अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा घातला. आता भाकरी अर्ध्यापेक्षा जास्त व्हायला हवी की कमी? २/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त आहे का?’ आणि त्याच वेळी पडद्यावर अर्धी भाकरी व दोन पंचमांश भाकरी शेजारी शेजारी दिसतील, अशी सूचना चित्रकाराच्या रकान्यात जाईल. २/६ निवडणाऱ्याचा प्रतिसाद निराळा हवा: ‘समान छेद ६ घेतलात, तो बरोबर आहे. आता अर्ध्या भाकरीचे सहाच्या हिशेबाने किती तुकडे होतात ते मोजा.’ या विद्यार्थ्याचे अर्धे काम बरोबर झाले आहे, ते त्याला सांगितलेच पाहिजे, नाहीतर तो बरोबर असलेली पायरीही सोडून देतो. १/६ निवडणाऱ्याला चिन्हाकडे परत न्यायचे असते. एका प्रश्नाचे हे चार प्रतिसाद लिहायला मला सुरुवातीला एक संध्याकाळ लागत असे, आणि ती वाया गेली असे कधी वाटले नाही.

निवेदनाबद्दल थोडे. ते मोठ्याने, घड्याळ लावून वाचावे. डोळ्यांना बरे वाटणारे वाक्य तोंडात अडकते. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. आकडे अक्षरांत लिहून द्यावेत, कारण ध्वनिमुद्रण करणारा कलाकार समोर दिसेल ते त्याच्या पद्धतीने वाचतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बत्तीस’ या प्रकारच्या नावांबरोबर ‘तीस दोन’ असे संख्यावाचन आले आणि राज्यभर त्यावर वाद झाला, हे आठवत असेल. आपल्या पाठात कोणते वाचन हवे हे स्टोरीबोर्डमध्ये लिहिले नसेल, तर ते स्टुडिओत ठरते आणि मग पुन्हा मुद्रण करावे लागते.

चौथी पायरी: साधने, आणि तीही मोजकी

स्टोरीबोर्ड हातात असला की साधन शिकणे हे पंधरा दिवसांचे काम असते. आधी फुकट साधने घ्यावीत. एच५पी हे मुक्त स्रोत साधन आहे. त्यात संवादी व्हिडिओ, ओढून ठेवण्याचे प्रश्न, फांद्या फुटत जाणारा प्रसंग असे अनेक प्रकार तयार मिळतात, आणि लुमी नावाचा मोफत प्रोग्राम संगणकावर घेतला की इंटरनेट नसतानाही ते बनवता येतात. मूडल हे एलएमएसही मुक्त स्रोत आहे, २००२ पासून वापरात आहे आणि अनेक विद्यापीठे ते वापरतात. त्याच्या चाचणी-संकेतस्थळावर शिक्षक म्हणून शिरून एक अभ्यासक्रम उभारून पाहावा, विद्यार्थ्याच्या खात्यातून तो सोडवावा आणि गुणांची नोंद कोठे उमटते ते बघावे.

त्यानंतर ज्यांची नावे नोकरीच्या जाहिरातींत येतात त्यांकडे वळावे. आर्टिक्युलेट स्टोरीलाइन आणि राइज, तसेच ॲडोबी कॅप्टिव्हेट, ही त्यांतली मुख्य. आर्टिक्युलेटचा वार्षिक परवाना हजार डॉलरच्या वर जातो, त्यामुळे तो स्वतःच्या खिशातून घेण्याच्या फंदात पडू नये. तीस दिवसांची मोफत चाचणी मिळते, आणि ती केव्हा सुरू करायची हे आधी ठरवून ठेवावे: दोन स्टोरीबोर्ड पूर्ण तयार, चित्रे आणि ध्वनी एका फोल्डरमध्ये, आणि मे महिन्याची सुट्टी. वार्षिक परीक्षेच्या पेपर तपासणीत चाचणीचा महिना सुरू करून तो फुकट घालवणारे मी पाहिले आहेत.

तयार झालेला पाठ एलएमएसला समजावा म्हणून तो एका ठरावीक साच्यात बांधतात. त्यांतला सर्वाधिक वापरला जाणारा साचा म्हणजे स्कॉर्म. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ ची असूनही आजही सर्रास मागितली जाते. ते पॅकेज म्हणजे एक झिप फाइल असते आणि तिच्यातील मॅनिफेस्ट नावाची फाइल एलएमएसला पाठ कोठून सुरू करायचा ते सांगते. ‘पाठ पूर्ण झाला’ असे केव्हा मानायचे, सर्व पडदे पाहिल्यावर की चाचणीत उत्तीर्ण झाल्यावर, हे पॅकेज बनवताना निवडावे लागते. एवढे जरी तुम्हाला मुलाखतीत स्वतः करून पाहिल्यासारखे सांगता आले, तरी समोरच्याचा तुमच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो. एक्सएपीआय हे शिकणाऱ्याच्या कृतींची नोंद ठेवण्यासाठी २०१३ मध्ये आलेले नवे मानक नावाने आणि हेतूने ठाऊक असणे सध्या पुरे आहे.

मराठीत काम करणाऱ्याला एक अडचण हटकून येते. शाळेतील जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये असतात, आणि त्या नव्या साधनात चिकटवल्या की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. सर्व मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा आणि मगच पुढे जावे. जोडाक्षरे, रफार आणि ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ असलेले शब्द प्रत्यक्ष मोबाइलवर तपासावेत, आणि फॉण्ट निवडताना ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे मिळतात का ते पाहावे. हिंदी वळणाचा ‘ल’ चौथीच्या मुलाला अडवतो, ही गोष्ट बंगळूरच्या डेव्हलपरला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

पाचवी पायरी: पाठ परक्या माणसाच्या हातात देणे

पाठ तयार झाला की तो तीन माणसांना द्यावा, आणि ती तिघेही तुमच्या शाळेतील हुशार मुले नसावीत. एक आते-मामेभाऊ, एक शेजारच्या काकू, एक खरोखर त्या इयत्तेत असलेला विद्यार्थी, असे चालतील. साधा, दोन-तीन वर्षे जुना अँड्रॉइड फोन त्यांच्या हातात द्यावा आणि मागे बसून गप्प राहावे. शिक्षकाला हे गप्प बसणे फार जड जाते. काकूंनी तीनदा चुकीच्या जागी बोट लावले की आपण ‘तिथे नाही, खाली’ असे सांगून मोकळे होतो. त्याऐवजी ते वहीत लिहावे, कारण पुढच्या वेळी पाठ उघडणाऱ्या माणसाच्या मागे तुम्ही बसलेले नसाल.

याच वेळी सुलभतेकडे पाहावे. संकेतस्थळांच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष असे सांगतात की साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातील रंगभेदाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे. चित्रांना वर्णन असावे, व्हिडिओला मथळे असावेत, आणि माउसशिवाय, केवळ कीबोर्डवर पाठ पूर्ण करता यावा. परदेशी ग्राहक हे सर्व अटी म्हणून लिहून देतात. ‘बरोबर’ला हिरवा आणि ‘चूक’ला लाल एवढ्याच खुणेवर विसंबू नये, कारण रंगांधळ्या माणसाला ते दोन्ही सारखेच दिसू शकतात.

सहावी पायरी: कामाचे नमुने

या क्षेत्रात पदवीपेक्षा नमुने बोलतात. तीन पुरे आहेत, पण ते एकमेकांसारखे नसावेत. पहिला तुमच्या विषयातला, वर पाहिलेल्या अपूर्णांकांसारखा. दुसरा प्रौढांसाठी असलाच पाहिजे, कारण समोर बसलेला माणूस बहुधा त्याच प्रकारचे काम विकत असतो. मी माझ्यासाठी औषधाच्या दुकानातील नव्या मदतनीसाचा प्रसंग घेतला होता. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. दुपारी वीज गेली आहे, फ्रिजचा तापमापक दहा दाखवतो आहे, मालक जेवायला गेले आहेत आणि काउंटरवर गिऱ्हाईक इन्सुलिन मागते आहे. आता मदतनीस काय करील? चार पर्याय, प्रत्येकाचा पुढचा परिणाम, आणि नियमाचे वाक्य एकदाही तोंडावर न मारता नियम पोहोचवणे. तिसरा नमुना लहान असावा: एखाद्या पानभर किचकट शासकीय परिपत्रकाचे एका पडद्याच्या मदतपत्रकात रूपांतर, आधीचे आणि नंतरचे शेजारी ठेवून.

प्रत्येक नमुन्यासोबत अर्ध्या पानाचे टिपण जोडावे: शिकणारा कोण, अडचण काय होती, मी हा मार्ग का निवडला, तिघांनी वापरल्यावर काय बदलले. मुलाखत घेणारे नमुना दोन मिनिटे पाहतात आणि टिपण पूर्ण वाचतात.

दोन गोष्टी टाळाव्यात. पाठ्यपुस्तकातील चित्रे आणि उतारे उचलून नमुन्यात वापरू नयेत. त्यांचे हक्क प्रकाशकाचे असतात आणि प्रताधिकार न जाणणारा आयडी कोणालाच नको असतो. तसेच वर्गातील मुलांची छायाचित्रे, नावे किंवा गुण कोठेही घालू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पण कायदा नसता तरीही ती मुले आपल्या भरवशावर वर्गात बसली होती.

औपचारिक शिक्षण हवे असल्यास ते या टप्प्यावर घ्यावे, आधी नव्हे. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आयआयटी मुंबईत या विषयात पीएच.डी.पर्यंत संशोधन होते, आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या केंद्र शासनाच्या व्यासपीठावर अनेक अभ्यासक्रम विनामूल्य करता येतात, केवळ परीक्षेचे शुल्क भरावे लागते. त्याच वर्षी आलेल्या ‘दीक्षा’वरील पाठ शिक्षक म्हणून आपण वापरले आहेतच, आता त्यांतले पाच पाठ आयडीच्या नजरेने पाहावेत आणि प्रत्येकात शिकणाऱ्याने काय करायचे आहे ते शोधावे. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या ज्या कामासाठी, त्याची सुरुवात कोणत्याही कंपनीत झाली नव्हती, एका जिल्हा परिषद शाळेत झाली होती. शाळा न सोडताही या क्षेत्रात उतरता येते, हा पर्याय मनातून काढून टाकू नये.

सातवी पायरी: अर्ज, चाचणी, मुलाखत

परिचयपत्रात ‘गणित शिक्षिका, इयत्ता आठवी ते दहावी’ एवढ्यावर थांबू नये. किती तुकड्यांसाठी घटक नियोजन केले, किती सहकाऱ्यांना ऑनलाइन तास घ्यायला शिकवले, कोणती चाचणी बदलली आणि त्यामुळे काय कळले, हे एकेका वाक्यात, खऱ्या आकड्यांसह लिहावे. निकालाची टक्केवारी मात्र वगळावी. तिच्यावरून बाहेरच्याला काहीच समजत नाही.

बहुतेक कंपन्या एक चाचणी देतात. वीस-पंचवीस स्लाइडचे एक रटाळ सादरीकरण पाठवून दोन-तीन दिवसांत त्याचा स्टोरीबोर्ड मागतात. येथे सर्व मजकूर सुंदर मांडण्याच्या मोहात पडू नये. आधी प्रश्न पाठवावेत: हे कोणासाठी आहे, पाठ संपल्यावर त्यांनी काय करायला हवे, किती मिनिटांचा पाठ हवा. प्रश्न विचारणाऱ्याला गुण मिळतात, कारण प्रत्यक्ष कामातही विषयतज्ज्ञाकडून माहिती काढणे हे अर्धे काम असते. पाच-सहा पडदे पुरेत. एखादी कंपनी चाचणीच्या नावाखाली पूर्ण अभ्यासक्रम मागू लागली, तर नम्रपणे नकार द्यावा. तसे माझ्याकडून एकदा करवून घेतले गेले आणि नंतर उत्तरही आले नाही.

‘तुम्ही शाळा का सोडता?’ हा प्रश्न येतोच. मुख्याध्यापक, संस्थाचालक, निवडणुकीची आणि जनगणनेची कामे यांच्याविषयीची कैफियत तेथे मांडू नये, ती खरी असली तरीही. त्याऐवजी मुलांच्या चुकांची ती वही उघडावी आणि एक चूक सांगावी.

पगाराची तुलना करताना ‘सीटीसी’, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, या आकड्याला भुलू नये. त्यात मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि कधी कधी मिळेलच असे नसलेले प्रोत्साहनही धरलेले असते. हातात येणारी रक्कम लेखी विचारावी. पुण्यातले घरभाडे आणि येण्याजाण्याचा खर्च वजा करावा, आणि मे व दिवाळीच्या सुट्ट्या आता नसतील हेही हिशेबात घ्यावे.

आठवी पायरी: शाळेतून रीतसर बाहेर पडणे

येथे शिक्षक हमखास चुकतात. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांना १९७७ चा सेवाशर्ती विनियमन अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. नियमांप्रमाणे कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची पूर्वसूचना द्यायची असते. अधिनियमाच्या सातव्या कलमानुसार राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही व तारीख घालून, एक प्रत व्यवस्थापनाला नोंदणीकृत डाकेने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची असते. कंपन्या साधारणपणे एक-दोन महिने थांबतात. तीन महिन्यांची अट मुलाखतीच्या वेळीच सांगून टाकावी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून ते लेखी स्वरूपात समजून घ्यावेत.

राजीनाम्याची तारीख ठरवताना ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षे पूर्ण झाली आहेत का ते पाहावे. चार वर्षे दोन महिन्यांवर निघण्याची चूक करू नये. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर अनुदानित पदावर लागलेल्यांचे राष्ट्रीय निवृत्तिवेतन खाते असेल तर त्याचा क्रमांक कायम राहतो, ते बंद न करता पुढे चालू ठेवता येते. आणि शक्य तर एप्रिलअखेरीस निघावे. दहावीचा वर्ग ऑक्टोबरमध्ये सोडून जाणाऱ्याला कायद्याने कोणी अडवत नाही, पण गावात त्याचे नाव बराच काळ निघत राहते.

शेवटच्या दिवशी निकालपत्रके, प्रयोगशाळेची किंवा ग्रंथालयाची यादी आणि हजेरीपट सही घेऊन सोपवावेत. कार्यमुक्तीचा आदेश, अनुभवाचा दाखला आणि सेवापुस्तकाच्या प्रत्येक पानाची छायाप्रत हातात घेऊनच बाहेर पडावे. नव्या कंपनीची पार्श्वभूमी तपासणारी माणसे दीड-दोन महिन्यांनी शाळेत फोन करतात, आणि त्या वेळी जून उजाडलेला असतो, लिपिक प्रवेशांच्या गर्दीत असतो, आणि तुमची फाइल कपाटात कोणत्या खणात आहे हे सांगायला तुम्ही तेथे नसता.